एक कर्नल, दोन बोर्ड: प्लॅटफॉर्मच्या पर्यायांवरून झालेली भांडणं

२ जून २०२५

आजपासून जुळवाजुळव. आपल्या डेटा-लॉगरचे बोर्ड दोन. एक एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८एम मिनी या चिपवर, दुसरा टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) एएम६२५ वर. दोन्हींत एआरएमच्या कॉर्टेक्स-ए५३ प्रकारचे चार-चार गाभे (प्रोसेसर कोर). पहिला लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुळाच्या) ५.१० आवृत्तीवर अडकलाय, दुसरा ६.१ वर. सोर्सची झाडं दोन, कर्नलमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या कॉन्फिग फायली दोन, आणि प्रत्येक सुरक्षा-पॅच दोनदा लावायचा. ठरलं असं: दोघांनाही ६.१२ एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर) आणायचं आणि कर्नलची इमेज (बोर्डावर चढवायची तयार फाइल) एकच ठेवायची. डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय त्याचं वर्णन) बोर्डागणिक वेगळी, बाकी सामाईक. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची (वितरणाची) एकच एआरएम६४ (६४ बिटांच्या एआरएमची) इमेज कितीतरी वेगवेगळ्या बोर्डांवर चालते, मग आपल्याला दोन का जड जावेत? माझ्या या मुद्द्यावर मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी हलवली नाही.

(काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने इंजिनिअर. ते नसताना बोर्ड बंद पडतात, असा त्यांचा लौकिक आहे. ते असतानाही पडतात, पण मग चालू होतात.)

३ जून

पहिला बोर्ड घेतला. जुनी कॉन्फिग ६.१२ च्या झाडात टाकली, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवलं, बिल्ड बिनबोभाट झाला. बोर्डावर चढवला. यू-बूटने (कर्नलला उठवणाऱ्या बूटलोडरने) ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हटलं आणि त्यानंतर काहीही नाही.

अर्लीकॉन (कर्नलची अगदी सुरुवातीची बडबड दाखवणारी सोय) लावून पाहिलं. दुसरा यूआर्ट (सिरियल पोर्ट), हेक्समध्ये पत्ता ३०८९००००, वेग ११५२००. तरी एक अक्षर उमटेना. केबल बदलली. डिव्हाइस ट्री तपासली. पॉवर सप्लायसुद्धा बदलला, जो बदलायची काही गरज नव्हती. संध्याकाळ गेली.

४ जून

सापडलं, आणि सापडल्यावर स्वतःचाच राग आला. जुन्या-नव्या कॉन्फिगची तुलना झाडातल्याच ‘डिफकॉन्फिग’ स्क्रिप्टने केली, तर गेलेल्या पर्यायांची यादी स्क्रीनवर मावेना. क्लॉक ड्रायव्हर नाही, पिनकंट्रोल (चिपच्या पिनांची कामं वाटणारा ड्रायव्हर) नाही, एसडी कार्डाचा कंट्रोलर नाही, यूआर्टही नाही. म्हणजे अर्लीकॉनला बोलायला तोंडच नव्हतं.

कारण असं. ५.१० मध्ये आय.एमएक्स कुळाचा ‘आर्च_एमएक्ससी’ हा पर्याय प्लॅटफॉर्मच्या यादीत सुटा बसलेला होता. मधल्या काळात एनएक्सपीचे सगळे प्लॅटफॉर्म ‘आर्च_एनएक्सपी’ या नव्या मेन्यूखाली गोळा केले गेले. ब्रॉडकॉमचंही तसंच, तिथे ‘आर्च_बीसीएम’ आलं. आमच्या जुन्या फाइलमध्ये ‘आर्च_एनएक्सपी’ हे नाव असायचं कारणच नाही. ओल्डडेफकॉन्फिग नव्या प्रश्नाला त्याचं ठरीव उत्तर देतं. या प्रश्नाला ठरीव उत्तर लिहिलेलं नाही, म्हणजे ‘नाही’. दिंडी दरवाजा बंद, आणि आत असलेला ‘आर्च_एमएक्ससी’ आम्ही ‘हो’ लिहूनही गायब. त्याच्यावर टेकलेले ड्रायव्हर त्याच्या मागोमाग. एकाही ओळीचा इशारा नाही, कारण केकॉन्फिगच्या (हे पर्याय सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) नजरेत चुकीचं काही घडलेलंच नाही.

एक ओळ घातली. बोर्ड बोलायला लागला.

५ जून

काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “बघ, तुझं वरचं मुख्य झाड विश्वासाचं नाही. आपला स्वतःचा एक पर्याय कर, त्यात सगळं सिलेक्ट कर, म्हणजे सक्तीने ओढून घे. एक स्विच लावला की बोर्ड उठला पाहिजे.”

मी त्यावर लगेच काही बोलले नाही. त्यांचं म्हणणं वरवर पाहता बरोबरच वाटतं.

९ जून

काकांचा प्रस्ताव करून पाहतेय. आमच्या उत्पादनाचा एक पर्याय, त्याच्याखाली सिलेक्टची लांब यादी. नाव काय द्यायचं यावरच अर्धा तास गेला. हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. रिस्क-व्ही या दुसऱ्या प्रोसेसर-आर्किटेक्चरच्या शाखेत प्लॅटफॉर्मच्या पर्यायांची सुरुवात ‘सॉक_’ ने झाली होती, पुढे इतर आर्किटेक्चरसारखं ‘आर्च_’ केलं गेलं, आणि बदल होईपर्यंत काही काळ दोन्ही नावं शेजारी-शेजारी नांदली.

इंटर्नला समजावताना स्वतःसाठीही लिहून ठेवते. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे अट: अमुक असेल तरच मला दाखवा. ‘डिफॉल्ट’ म्हणजे सुचवलेलं उत्तर, बदलता येतं. ‘इम्प्लाय’ ४.१० मध्ये आलं. तेही सुचवतंच, पण समोरच्याच्या अटी पाळून, आणि कुणी ‘नाही’ म्हटलं तर ऐकतं. ‘सिलेक्ट’ मात्र समोरच्याच्या अटींकडे बघतच नाही. न विचारता पाहुणा घरात आणून बसवायचा, त्याची गादी आहे का, त्याला पथ्य काय, हे बघायचं काम बाकीच्यांचं. कर्नलच्याच कागदपत्रात लिहिलंय की सिलेक्ट जपून वापरा, शक्यतो ज्यांना मेन्यूत प्रॉम्प्ट नाही आणि ज्यांच्या अटी नाहीत अशाच पर्यायांसाठी. आम्ही नेमकं उलट करतोय: प्रॉम्प्ट असलेले, अटींनी बांधलेले ड्रायव्हर ओढून आणतोय.

१० जून

दोन गोष्टी फुटल्या.

पहिली अपेक्षित. फक्त एएम६२५ चं कॉन्फिग करताना एनएक्सपीचा मेन्यू बंद, पण आमचा पर्याय चालू राहिला. ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’चे इशारे ओळीने. ते इशारे म्हणजे सिलेक्टने अट तुडवल्याची पावती.

दुसरी मजेशीर. आमचा पर्याय ‘हो किंवा नाही’ प्रकारचा. अशा पर्यायाने मॉड्यूल (नंतर चढवता येणारा सुटा तुकडा) होऊ शकणाऱ्या ड्रायव्हरला सिलेक्ट केलं की तो थेट कर्नलमध्ये शिजतो, मॉड्यूल राहत नाही. काकांच्या यादीत वायफायचा ड्रायव्हर होता. तो अंगभूत झाला, रूट फाइलसिस्टिम माउंट व्हायच्या आधीच जागा झाला, फर्मवेअरची फाइल शोधली, मिळाली नाही, आणि रुसून बसला. कालपर्यंत मॉड्यूल म्हणून व्यवस्थित चालणारं वायफाय आज नाही.

काका: “मग वायफाय यादीतून काढ.”

काढलं. पण मग यादीत काय ठेवायचं आणि काय नाही, हे कुणी ठरवायचं? प्रत्येक नाव म्हणजे कुणाचं तरी मत. ते मत केकॉन्फिगमध्ये गेलं की कॉन्फिग फाइल लिहिणाऱ्याला ते खोडायची सोय राहत नाही.

१२ जून

चहाला काकांनी जुन्या गोष्टी सांगितल्या, आणि त्यांचा हट्ट कुठून आलाय ते कळलं. ३२ बिटांच्या एआरएमच्या जुन्या दिवसांत प्लॅटफॉर्म निवडणं म्हणजे खरंच एकातून एक निवडणं होतं. टीआयचं ओमॅप घेतलं की आय.एमएक्स नाही. प्रत्येक कुळाची स्वतःची ‘मॅक-’ डिरेक्टरी, प्रत्येक बोर्डाची सी भाषेतली बोर्ड-फाइल, प्रत्येकाचं वेगळं डेफकॉन्फिग (तयार ठरीव कॉन्फिग). त्या जगात एक स्विच लावला की बोर्ड उठलाच पाहिजे, कारण ती इमेज दुसऱ्या कशासाठी नव्हतीच.

त्या डेफकॉन्फिगांचा ढीग इतका वाढला की २०१० मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स त्यांच्यावर उखडले. २.६.३६ मध्ये ‘सेव्हडेफकॉन्फिग’ आलं: ठरीव उत्तरापेक्षा वेगळं असेल तेवढंच लिहायचं. त्या एका झाडणीत एआरएमच्या फायलींतून दीड लाखाहून जास्त ओळी गेल्या. २०११ च्या मार्चमध्ये एआरएमच्या एकूण पसाऱ्यावर त्यांचा पुन्हा भडका उडाला. डिसेंबर २०१२ च्या ३.७ मध्ये मल्टिप्लॅटफॉर्म आलं, एका इमेजमध्ये अनेक कुळं. त्याच आवृत्तीत एआरएम६४ ही आलं. आणि एआरएम६४ ने पहिल्यापासून शहाणपणा धरला: मॅक डिरेक्टरी नाहीत, बोर्ड-फाइल नाहीत, सगळ्यांसाठी एक डेफकॉन्फिग.

म्हणजे ‘आर्च_’ हा शब्द तोच राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. पूर्वी तो ‘हा बोर्ड बांध’ असं म्हणायचा. आता ‘या कुळाचे ड्रायव्हर मला विचारायला हरकत नाही’ एवढंच म्हणतो. की अजूनही थोडं जास्त म्हणतो? सगळा वाद इथेच आहे.

१६ जून

इंटर्नने आज मोठी गंमत शोधली. तिला कर्नल बारीक करायचा होता, म्हणून ए५३ च्या दोन एराटा-दुरुस्त्या (गाभ्यातल्या जाहीर दोषांवरचे इलाज), ८४३४१९ आणि ८४५७१९, फ्रॅगमेंटमध्ये (कॉन्फिगवर चढवायच्या छोट्या फाइलमध्ये) बंद केल्या. ‘मर्ज_कॉन्फिग’ स्क्रिप्टने सांगितलं की मागितलेली किंमत अंतिम फाइलमध्ये उतरलेली नाही. दोन-तीनदा करून पाहिलं, तेच.

प्लॅटफॉर्मची केकॉन्फिग फाइल उघडली. ‘आर्च_एमएक्ससी’ चक्क ८४३४१९ ला सिलेक्ट करतं. ८४५७१९ लाही करतं, पण ‘कॉम्पॅट (३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवायची सोय) असेल तर’ या अटीवर.

अट का, तेही नीट समजून घेतलं. ८४५७१९ हा घोटाळा ३२ बिटांचा प्रोग्रॅम चालू असतानाचा आहे, वाचलेली किंमत चुकीची येऊ शकते. ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवायची सोयच ठेवली नाही तर दुरुस्तीही नको. ८४३४१९ वेगळा: ४ केबीच्या पानाच्या अगदी शेवटच्या दोन जागांवर एडीआरपी ही सूचना पडली, तर ती चुकीचा पत्ता काढू शकते. त्याचा इलाज लिंकर (बिल्डमधले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) करतो, बांधतानाच. म्हणून चालू कर्नलला नंतर ‘या गाभ्याला नको’ म्हणून तो झटकता येत नाही.

मग इंटर्नचा प्रश्न, अगदी रास्त: एआरएम६४ मध्ये एराटाचे हे पर्याय मुळातच ‘डिफॉल्ट हो’ आहेत. टीआयच्या ‘आर्च_के३’ खाली ही सक्ती नाही, तिथे डिफॉल्टवर भागतं. मग इथेच सक्ती का?

माझं मत: दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकलंय. दोष गाभ्याचा आहे, चिपच्या कुळाचा नाही. त्याची जागा गाभ्याच्या पर्यायात, आणि तिथे तो चालू आहेच. पण या सिलेक्टने कुणाचं नुकसान होत नाही. उलट, आज एका उत्साही इंटर्नला (आणि पर्यायाने आमच्या ग्राहकांना) महिन्यातून एकदा भलतीकडेच उडी मारणाऱ्या कर्नलपासून त्याने वाचवलं. काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जिंकल्यासारखे हसले असते.

कॉम्पॅट मात्र बंद केलं. आमचं सगळं युजरस्पेस ६४ बिटांचं आहे.

२० जून

पालखी पुण्यात. रस्ते बंद, घरून काम. खिडकीतून टाळांचा आवाज आणि समोर सॅमसंगच्या एक्झिनॉस चिपांचा जुना वाद.

२०२१ मध्ये गूगलच्या बाजूने पॅच आले होते: ‘आर्च_एक्झिनॉस’ चालू केलं की क्लॉक, पिनकंट्रोल वगैरे सक्तीने कर्नलमध्ये येतात, ती सक्ती काढा, मॉड्यूल करू द्या. गरज समजण्यासारखी. अँड्रॉइडच्या जीकेआय योजनेत गाभा कर्नल सगळ्या फोनांना एकच, चिपवाल्यांचं सगळं मॉड्यूलमध्ये. एका कुळाला मेन्यूत जागा दिली की त्याचे दहा ड्रायव्हर सगळ्यांच्या फोनच्या मेमरीत येऊन बसणार, हे कुणाला परवडेल?

प्लॅटफॉर्म सांभाळणाऱ्या मेन्टेनरांनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दाही हलका नव्हता. डिस्ट्रो बांधणाऱ्या माणसाला एक्झिनॉसच्या पोटातले सतरा ड्रायव्हर माहीत असायची अपेक्षा का ठेवायची? त्याने ‘आर्च_एक्झिनॉस’ला हो म्हटलं, तर त्याला बूट होणारा कर्नल मिळाला पाहिजे. मॉड्यूल करून चालतं म्हणता, तर मुख्य झाडातल्या बोर्डांवर चालवून दाखवा.

वाचताना लक्षात आलं, मेन्टेनर अगदी काकांच्याच भाषेत बोलतायत. फरक एवढाच, की ते आपल्या कुळाच्या गाभ्याबद्दल बोलत होते आणि काका वायफायबद्दलही. आणि मी गूगलच्या बाजूला आहे असं मला वाटत होतं. पण आमच्याकडे कोट्यवधी फोन नाहीत, दोन बोर्ड आहेत. काही केबींसाठी मॉड्यूलचा हट्ट धरायची आमची ऐपत आहे का?

२४ जून

एएम६२५. हा बोर्ड ६.१२ वर पहिल्या फटक्यात उठला. संशय आला म्हणून दोनदा तपासलं.

‘आर्च_के३’ काय-काय सिलेक्ट करतं ते पाहिलं: मेलबॉक्स, मेसेज मॅनेजर, टीआय-एससीआय प्रोटोकॉल, चिपची ओळख सांगणारा छोटा ड्रायव्हर. यादी आखूड, आणि कारण रोखठोक आहे. या चिपमध्ये लिनक्स स्वतः वीज, क्लॉक, रीसेटला हात लावत नाही. दुसऱ्या गाभ्यावर चालणाऱ्या फर्मवेअरला निरोप पाठवून मागून घेतो. निरोप पाठवायची सोयच नसेल तर ‘के३’ या शब्दाला अर्थ उरत नाही. इथे सिलेक्ट मला पटतं. ‘आर्च_एमएक्ससी’ पॉवर डोमेनचा कंट्रोलर आणि सिस्टिम टायमर ओढून आणतं, तेही पटतं.

क्लॉकचा ड्रायव्हर मात्र आय.एमएक्समध्ये ‘आर्च_एमएक्ससी’ने ओढलेला नाही, स्वतंत्र पर्याय आहे, मॉड्यूलही होतो. मुख्य डेफकॉन्फिगमध्ये तो ‘हो’ लिहिलाय. म्हणजे बूट होण्याचं वचन तिथे सिलेक्टने नाही, डेफकॉन्फिगने पाळलंय. ज्याला मोडायचंय त्याला मोडता येतं.

२७ जून

म्हणून मोडून पाहिलं. ८एम मिनीचे क्लॉक आणि पिनकंट्रोल दोन्ही मॉड्यूल केले.

प्रयोग एक, इनिट्रॅमएफएसशिवाय (कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिमशिवाय). एसडी कंट्रोलर क्लॉकची वाट बघत थांबला, क्लॉकचा मॉड्यूल एसडी कार्डावर. दोघं एकमेकांच्या दारात उभे. रूटवेटमुळे (‘रूट डिस्क सापडेपर्यंत थांब’ या सूचनेमुळे) कर्नल सकाळपर्यंत थांबला असता. अर्लीकॉन होतं म्हणून निदान हे दिसलं तरी. खरा यूआर्ट ड्रायव्हरही क्लॉकसाठी रांगेतच होता.

प्रयोग दोन, मॉड्यूल इनिट्रॅमएफएसमध्ये. चाललं. बूट जाणवण्याइतका लांबला, आणि अपडेट करताना सांभाळायची आणखी एक फाइल वाढली. इंटर्नने विचारलं, मिळवलं काय? मी थोडा वेळ उत्तर शोधलं. एकाच इमेजमध्ये पन्नास कुळं असती तर खूप काही मिळालं असतं. आमच्याकडे दोन.

परत ‘हो’ केले.

१ जुलै

निर्णयाची मीटिंग. आवाज चढले, पण चांगल्या अर्थाने.

काकांचा स्वतःचा पर्याय रद्द. आमच्या झाडात केकॉन्फिगची एकही ओळ वाढवायची नाही, कारण प्रत्येक वाढीव ओळ पुढच्या एलटीएसला पुन्हा बसवावी लागते. पाया म्हणजे मुख्य झाडातलं एआरएम६४ डेफकॉन्फिग, जसंच्या तसं. त्यावर पहिला फ्रॅगमेंट कापणारा: रॉकचिप, एक्झिनॉस, क्वालकॉम, सगळी परकी कुळं बंद. एका-एका ओळीत शेकडो ड्रायव्हर गळतात, बिल्डचा वेळ डोळ्यांदेखत उतरतो. ज्या दिंडी दरवाजाने ३ जूनला माझी संध्याकाळ खाल्ली, त्याच्याच जोरावर हे होतंय. त्यावर उत्पादनाचा फ्रॅगमेंट: वायफाय, आरएस-४८५, वॉचडॉग.

काका म्हणाले, “आणि उद्या परत कुणी वर नवा मेन्यू घातला, की तुझा फ्रॅगमेंट परत गप्प.”

हे बरोबर होतं. ‘मर्ज_कॉन्फिग’ फक्त इशारा देतं, बिल्ड थांबवत नाही, आणि इशारे सीआयच्या (आपोआप चालणाऱ्या बिल्डच्या) लॉगमध्ये कुणी वाचत नाही. अनोळखी नावांवर ओरडणारी सोय आता केकॉन्फिगमध्ये आहे, ती चालू केली. पण ‘आर्च_एमएक्ससी’ हे नाव ओळखीचंच होतं, फक्त पोहोचता येत नव्हतं, त्यामुळे तिचा इथे उपयोग नाही. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली: फ्रॅगमेंटमधली प्रत्येक ओळ अंतिम कॉन्फिगमध्ये तशीच सापडली पाहिजे, नाहीतर बिल्ड लाल. वीसेक ओळी. ती १ जूनला लिहायला हवी होती.

शेवटी काकांनी एक गोष्ट मागून घेतली, आणि मी लगेच दिली. तिसरा फ्रॅगमेंट, त्यांच्या ताब्यात: बोर्ड उठून बोलेपर्यंत जे लागतं ते सगळं ‘हो’. क्लॉक, पिनकंट्रोल, पीएमआयसीचा (वीज सांभाळणाऱ्या चिपचा) रेग्युलेटर, यूआर्ट आणि त्याचं कन्सोल, एसडी कंट्रोलर, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, दोन्ही कुळांसाठी. सिलेक्ट नाही, साध्या ओळी; खोडता येतात, पण खोडणाऱ्याचं नाव गिटमध्ये राहतं.

४ जुलै

स्क्रिप्टने पहिला मासा पकडला, आणि तो माझाच निघाला. कापणाऱ्या फ्रॅगमेंटमध्ये मी एका पर्यायाला ‘नाही’ म्हटलं होतं, उत्पादनाच्या फ्रॅगमेंटमधली दुसरी गोष्ट त्यालाच सिलेक्ट करत होती. बिल्ड लाल. दोन्हींतलं खरं हवं ते ठेवलं, एक ओळ काढली. दहा मिनिटं.

७ जुलै

काल आषाढी, आज सगळे जरा जड पोटाने आले. एकच इमेज दोन्ही बोर्डांवर चढवली. ८एम मिनीने सांगितलं, एराटम ८४३४१९ साठी दुरुस्ती आहे. एएम६२५ नेही तेच सांगितलं, कारण इमेज एकच आणि गाभेही ए५३ च. दोघांवर रात्रभर रीबूटचा फेरा लावलाय.

काकांनी त्यांच्या फ्रॅगमेंटच्या डोक्यावर मराठीत टीप लिहिलीय: ‘यातलं काही मॉड्यूल करायचं असेल तर आधी सिरियल केबल शोधून ठेवा.’ समीक्षेत मी मंजुरी दिली. केबल सध्या हार्डवेअरवाल्यांच्या टेबलावर आहे, उद्या सकाळी मागून आणायची.